तीन वेढ्यांची होडी

पनवेलमध्ये एकेकाळी माझ्या हातचे इतके बोर्ड होते की एसटी स्टँडवरून निघालेला माणूस तलावापर्यंत पोचेस्तोवर माझी सही दहा-बारा वेळा बघायचा. दवाखाने, किराणा दुकानं, मिठाईवाले, वकील, चष्मेवाले. प्रत्येक बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात खाली बोटभर उंचीची सही. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, जरा बारीक करा, दुकान माझं आहे. मी म्हणायचो, दुकान तुमचं, बोर्ड माझा.

ज्याच्यावर सही नाही असं मी आयुष्यात एकच काम केलं. बाकीच्या सगळ्या बोर्डांपेक्षा मला त्या कामाचा जास्त अभिमान आहे आणि तो मी लपवतही नाही. बायको म्हणते, पाहुणा चप्पल काढतो न काढतो तोच तुम्ही त्याला चित्रासमोर उभा करता, निदान पाणी तरी पिऊ द्या. तिचं खरं आहे. पण पाणी काय, नंतरही पिता येतं.

ते काम म्हणजे एक नक्कल आहे. मुंबईतल्या एका संग्रहालयात शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका थोर चित्रकाराचं तैलचित्र आहे. त्याच्यासमोर दहा दिवस बसून मी त्याची हुबेहूब प्रत केली. हुबेहूब हा शब्द मी जपून वापरतोय. त्या एका शब्दापायी काय झालं ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं.

मी मूळचा मोरा बंदरातला. घर कोळ्याचं. आमच्या तीन पिढ्या समुद्रावर गेल्या आणि चौथ्या पिढीला, म्हणजे मला, बोट लागते. हे सांगायला आजही लाज वाटते. वडील तांडेल, होडीवरच्या सगळ्यांना हुकूम सोडणारे, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा बंदर दिसेनासं व्हायच्या आत कठड्यावरून वाकलेला. चार-पाच वेळा त्यांनी नेऊन बघितलं. मग एके दिवशी मला धक्क्यावर उतरवलं आणि पुन्हा कधी चल म्हणाले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग मी होड्या रंगवायला लागलो. नारळी पौर्णिमेच्या आधी सगळ्या होड्यांना रंग लागतो, नावं नव्यानं लिहिली जातात. माझं अक्षर बरं होतं. पुढे त्याच अक्षराच्या जोरावर पनवेलला आलो, बोर्ड करायला लागलो, लग्न झालं, घर झालं. वडिलांना कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर ते म्हणायचे, "रंगारी हाय, पनवेलला." शब्द वाईट नाही. पण ते म्हणताना दुसरीकडे बघायचे.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला समुद्राची शिकवली होती. मी दहा वर्षांचा असेन. छोटी होडी खुंटाला बांधून ठेव म्हणून सांगून ते घरी गेले. मी दोर खुंटाभोवती तीनदा गुंडाळला, टोक खाली सोडलं आणि खेळायला पळालो. भरती आली, तीन वेढे आपोआप सैल झाले आणि होडी निघाली. दुसऱ्या दिवशी ती तिवराच्या झाडीत सापडली, एक बाजू फुटलेली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. वडिलांनी बोटसुद्धा लावलं नाही. मला वाळूत बसवलं, स्वतः समोर पाय पसरून बसले, हातात दोराचा तुकडा दिला आणि आपल्या पायाचा अंगठा दाखवून म्हणाले, "बांद."

एक वेढा, दुसरा त्याच्यावरून तिरका, आणि टोक त्या तिरक्या वेढ्याखालून ओढून घ्यायचं. जितकं पाणी ओढेल तितकी गाठ आवळते. दुपारभर मी त्यांचा अंगठा बांधत होतो. शेवटी डोळे मिटून बांधायला लावलं. अंगठा लालबुंद झाला होता. "गाठ हाताला आली पायजे," ते म्हणाले, "डोक्याला आली तर काय उपेग नाय. डोकं इसरतं."

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी पनवेलात फ्लेक्सची यंत्रं आली आणि माझ्या धंद्याची वाट लागली. जो बोर्ड करायला मला चार दिवस लागायचे तो तासाभरात छापून मिळायला लागला, वर मालकाचा हसरा फोटो फुकट. उलव्याकडे इमारती उभ्या राहत होत्या, गव्हाणपासून रस्ताभर नवीन दुकानं निघत होती आणि एकाही दुकानाला माझी गरज नव्हती. माझ्याकडे उरली ती जुनी गिऱ्हाइकं, देवळांच्या भिंती आणि होड्या. एका फ्लेक्सवाल्यानं मला भर रस्त्यात विचारलं, "काका, एवढं हातानं कशाला करत बसता? फोटो द्या, प्रिंट मारतो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच सुमाराला वर्तमानपत्रात वाचलं की मुंबईतलं एक संग्रहालय दरवर्षी काही चित्रकारांना दालनात बसून जुन्या चित्रांची प्रत करू देतं. बहुतेक कला महाविद्यालयाची मुलं जातात. मी अर्ज टाकला. सोबत फोटो जोडले ते होड्यांच्या नावांचे, एका देवळाच्या छताचे आणि मिठाईच्या दुकानावरच्या पेढ्यांच्या ताटाचे. पेढे मी असे काढले होते की माश्या बसायच्या. ही थाप आहे, पण बोलावणं आलं ही थाप नाही.

तिथल्या अधिकारी बाईंनी फोटो एकेक करून पाहिले. चष्मा साखळीला अडकवलेला, बोलणं मोजकं.

"कुठल्या कॉलेजचे तुम्ही?"

"कुठल्याच नाही."

"मग शिकलात कुठे?"

"भिंतीवर," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत, पण पेढ्यांचा फोटो त्यांनी परत एकदा वर काढून पाहिला. मग नियम सांगितले. प्रत मूळ चित्रापेक्षा चारी बाजूंनी वीतभर लहान हवी. चित्रावर सही करायची नाही. दहा दिवस मिळतील, रोज काम संपलं की कॅनव्हास तिथेच कोठीत ठेवायचा. शेवटच्या दिवशी त्या स्वतः मूळ चित्राशी पडताळून बघतील. पटलं तर मागच्या बाजूला संग्रहालयाचा शिक्का मारून खाली त्या सही करतील. नाही पटलं तर कॅनव्हासवर तिथल्या तिथे पांढऱ्या रंगाचा हात मारायचा, कारण शिक्क्याशिवाय प्रत इमारतीबाहेर जात नाही.

त्या शिक्क्यावर माझा जीव जडला. छापणाऱ्या यंत्रापेक्षा माझा हात निराळा आहे, हे कुणीतरी जाणत्या माणसानं लिहून द्यायला हवं होतं. आणि ते लिहिलेलं मला वडिलांपुढे नेऊन ठेवायचं होतं, ते दुसरीकडे बघायच्या आत.

चित्र मी निवडलं ते खाडीचं. संध्याकाळचं पिवळं पाणी, लांबवर दोन शिडं, चिखलातून डोक्यावर पाटी घेऊन चाललेली एक बाई, आणि पुढे, अगदी आपल्या पायाशी असावी तशी, खुंटाला बांधलेली रिकामी होडी. संग्रहालयात शंभर चित्रं होती, राजे होते, राण्या होत्या. मी दालनात शिरलो आणि सरळ होडीपाशी जाऊन उभा राहिलो. बाईंनी विचारलं, हेच का? मी म्हटलं, हे माझ्या गावचं आहे. नव्हतं ते, कुठल्या खाडीचं होतं देव जाणे.

पहिल्या दिवशी सगळे माझ्याकडे बघत होते. बाकीची दोन-तीन मुलं डोळ्यांनी अंदाज घेऊन रेघा मारत होती. मी घरून लाकडाची चौकट करून नेली होती, तिला उभे-आडवे दोरे ताणलेले. ती समोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि एकेका चौकोनात काय दिसतं ते आपल्या कॅनव्हासवरच्या चौकोनात उतरवायचं. वीस फुटी बोर्ड आम्ही असेच करतो. दुसरी आमची सवय म्हणजे मागे जाऊन बघणं. रस्त्यावर बोर्ड करताना मी पलीकडच्या फूटपाथपर्यंत मागे जायचो. इथे तसाच मागे मागे गेलो आणि दालनाच्या रखवालदाराच्या पायावर पाय दिला. तो म्हणाला, "मास्तर, मागे राजा आहे, जपून." मागे खरंच एका महाराजांचा संगमरवरी पुतळा होता.

तीन दिवस माझं काम वाईट चाललं होतं, हे कबूल करतो. सगळ्या कडा धारदार येत होत्या. बोर्डावरचं अक्षर चालत्या बसमधून वाचता यायला लागतं, त्यामुळे हाताला कडा कापून काढायची सवय. या माणसानं मात्र पाणी कुठे संपतं आणि चिखल कुठे सुरू होतो ते सांगितलंच नव्हतं, आणि तरी दोन्ही दिसत होतं. चौथ्या दिवशी मी एक रेघही न मारता दोन तास नुसता बसून राहिलो. मग कळलं की त्या चिखलात मला वाटत होता तसला काळा रंग मुळीच नाही. निळा होता, थोडा तांबूस होता आणि वर आकाशाचा पिवळा होता. ओहोटीला मोरा बंदरात चिखल असाच दिसतो. पंचवीस वर्षं मी तो पायाखाली तुडवला आणि बघितला तो मुंबईतल्या भिंतीवर.

त्यानंतर हात सुटला. सहाव्या-सातव्या दिवशी ती कॉलेजची मुलं स्वतःचं काम टाकून माझ्यामागे येऊन उभी राहायला लागली. शाळेची एक सहल आली होती, त्यातली एक मुलगी आपल्या शाळेच्या बाईंना म्हणाली, "बाई, हे दोन्ही खरे आहेत का?" त्या मुलीचं भलं होवो. दहा दिवसांत मला इतकं शहाणं कुणी भेटलं नाही.

नवव्या दिवशी पाच वाजता चित्र पुरं झालं. मी वडिलांना फोन लावला. ओला कॅनव्हास गाडीच्या गर्दीतून पनवेलपर्यंत नेला असता तर अर्धं चित्र लोकांच्या शर्टांवर गेलं असतं. म्हणून भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं मोऱ्याला आणायचं आणि तिथून रिक्षानं घरी, असं ठरवलं होतं. बोट लागणाऱ्या माणसानं ठरवलं होतं हे, याचीही नोंद घ्यावी.

"उद्या लाँचनं येतोय," मी म्हटलं. "चित्र आणतोय एक."

"दुपारची धरू नको," ते म्हणाले. "ओहोटी हाय, लाँच धक्क्याला लागनार नाय. चार वाजताची धर." मग विचारलं, "कसलं चित्र?"

"होडीचं."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दहाव्या दिवशी सकाळी बाई आल्या. हातात पट्टी आणि भिंग. मूळ चित्र, मग माझं, पुन्हा मूळ. आकाश झालं, शिडं झाली, पाटीवाली बाई झाली. पाण्यापाशी त्या थांबल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "छान." माझी छाती फुगली. मग भिंग खाली सरकलं, खुंटापाशी आलं आणि तिथेच राहिलं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी वाकून पाहिलं. माझ्या चित्रात दोर खुंटाला बांधलेला होता. एक वेढा, दुसरा तिरका, टोक त्याखालून ओढून घेतलेलं. मूळ चित्रात तिरका वेढा नव्हताच. तीन वेढे, एकाखाली एक सरळ, आणि टोक खाली सुटं लोंबतंय. दहा दिवस मी त्या चित्राचा कण न् कण पाहिला होता. एवढं मात्र पाहिलं नव्हतं, कारण तिथे पाहायची गरजच वाटली नव्हती. होडी, खुंट, दोर म्हटल्यावर हातानं आपणहून बांधून टाकलं होतं.

आधी मी गार पडलो. मग चिडलो, आणि चिडलो ते त्या थोर चित्रकारावर.

"मॅडम, चूक त्यांची आहे," मी म्हटलं. "असा दोर कुणी बांधत नाही. ही होडी भरतीला वाहून जाईल."

"शंभर वर्षं झाली," बाई शांतपणे म्हणाल्या, "अजून गेलेली नाही."

"मी कोळी आहे मॅडम. मला कळतं त्यातलं."

"तुम्हाला कळतं, ते दिसतंच आहे. पण तुम्ही प्रत करायला आलात. एक वाजेपर्यंत वेळ आहे. मूळ आहे तसं करा, मी शिक्का मारते. नाहीतर मला मारता येणार नाही." आणि त्या गेल्या.

मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलो. माझी अवस्था कुणाला सांगण्यासारखी नव्हती. गाठ ठेवली तर शिक्का नाही, चित्रावर पांढरा हात, आणि चारच्या लाँचनं मोकळ्या हातानं बंदरावर उतरायचं. गाठ काढली तर शिक्का आहे, पण ते चित्र सगळ्यात आधी बघणार होते माझे वडील. त्यांची नजर आकाशाकडे जाणार नाही, पाण्याकडे जाणार नाही, सरळ त्या खुंटाकडे जाईल. आणि तिथे त्यांना दिसणार दहा वर्षांच्या मुलानं गुंडाळलेले तेच तीन वेढे. ज्याच्यापायी त्यांनी अंगठा लाल करून घेतला, तेच मी त्यांच्यापुढे रंगवून नेणार होतो.

रागाच्या भरात वाटलं, मारतो पांढरा हात आणि जातो घरी. खरं सांगायचं तर उठलोही. मग मला माझंच एक भांडण आठवलं. पनवेलला एका दुकानदारानं माझ्या बोर्डावरचं एक अक्षर दुसऱ्याकडून परस्पर दुरुस्त करून घेतलं होतं. मी भर बाजारात त्याची गचांडी धरली होती. तो म्हणत होता, अहो, आधीपेक्षा चांगलं झालंय. मी म्हणत होतो, चांगलं झालं असेल, पण खाली सही माझी आहे, मग हात दुसऱ्याचा कसा? तेव्हा लोकांनी मला आवरलं होतं. आता मी त्या थोर माणसाच्या बोर्डावर तेच करून बसलो होतो, आणि गचांडी धरायला तो बिचारा हयातही नव्हता.

आत गेलो, गाठ खरवडून काढली, ब्रश उचलला. आणि हात ऐकेना. पहिला वेढा काढला, दुसरा आपोआप तिरका गेला. पुसला. पुन्हा काढला, पुन्हा तिरका. बारा वाजून गेले होते. वडील म्हणाले होते, गाठ हाताला आली पाहिजे. आली होती, आणि आता जाता जात नव्हती.

मग धंद्यातली एक युक्ती आठवली. पनवेलच्या मोहल्ल्यातल्या दुकानांचे उर्दू बोर्ड मी पुष्कळ केले. मला उर्दूचं एक अक्षर येत नाही. दुकानदार कागदावर लिहून द्यायचा, मी कागद उलटा ठेवायचो, वरची बाजू खाली, बोर्डही तसाच, आणि नुसते बाक आणि ठिपके उतरवायचो. काय लिहिलंय ते कळत नसलं की हात स्वतःची अक्कल लावत नाही. मी कॅनव्हास उलटा केला. रखवालदाराला माझा मोबाइल दिला, मूळ चित्रातल्या खुंटाचा फोटो काढायला लावला आणि तोही उलटा धरला. आता तिथे होडी नव्हती, दोर नव्हता. तीन आडवे पिवळट पट्टे आणि एक लोंबतं ठिगळ एवढंच होतं. ते मी काढलं. कॅनव्हास सरळ केला तेव्हा होडी सुटलेली होती, अगदी त्या थोर माणसानं सोडली होती तशी.

एक वाजता बाईंनी भिंग लावलं आणि मान हलवली. ओला रंग कशाला लागू न देता कॅनव्हास उभाच फिरवला, शिक्का दाबून मारला, खाली सही केली. मग त्या म्हणाल्या, "ती गाठ कशी असते, दाखवा बरं."

मी माझ्या पिशवीचा बंद काढला आणि कॅनव्हास ठेवायच्या घोडीच्या पायाला बांधून दाखवला. त्यांनी ओढून पाहिलं, जोरानं ओढून पाहिलं. मग स्वतः बांधायचा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळेला जमली. आत जाऊन त्या एक कोरा कागद घेऊन आल्या. "मूळ चित्राच्या फाइलमध्ये लावायचा आहे," म्हणाल्या. "तुम्हाला काय दिसलं ते लिहून द्या." मी बसलो आणि माझ्या उत्तम बोर्डाच्या अक्षरात लिहिलं की या चित्रातली होडी बांधलेली नाही, आणि ती कशी बांधायला हवी होती. खाली सही केली. चित्रावर करायला मनाई होती, कागदावर नव्हती. त्या थोर चित्रकाराच्या फाइलमध्ये आजही माझं अक्षर आहे. हे सांगताना माझा आवाज चढतो असं बायको म्हणते, तर चढू दे.

लाँचमध्ये मी सबंध वेळ उभा होतो. चित्र दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरलेलं, वर फडकं ताणलेलं, ते रंगाला लागू नये म्हणून चारी कोपऱ्यांना लाकडाचे ठोकळे. कठडा हाताशी होता. पण वाकलो असतो तर चित्र भिजलं असतं, म्हणून वाकलो नाही. त्या दिवशी मला बोट लागली नाही. एकदाच, पण लागली नाही.

वडील धक्क्यावर उभे होते. सत्तरीला आले होते, समुद्रावर जाणं सुटलं होतं, पण येणाऱ्या लाँचचा दोर झेलायची सवय सुटली नव्हती. दोर आला, त्यांनी झेलला, न बघता बांधला आणि मग माझ्याकडे वळले.

मी फडकं काढलं. ते वाकले. मला वाटलं होतं तसंच झालं. आकाश नाही, पाणी नाही. बोट सरळ खुंटाकडे गेलं.

"ही होरी कोनी बांदली?"

"ज्यांनी मूळ चित्र काढलं त्यांनी," मी म्हटलं. आणि धक्क्यावर उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आपोआप पडलेली गाठ, बाईंचं भिंग, खरवडणं, न ऐकणारा हात, उलटा कॅनव्हास. शिक्का दाखवला. त्यांनी शिक्क्यावरून हात फिरवला. त्यांना वाचता येत होतं जेमतेम, पण तेवढं त्यांनी वाचलं.

"म्हंजे पयल्यांदा तू बरोबर काडली व्हतीस."

"हो."

"न बगता?"

"न बघता."

ते बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. आता आकाश बघितलं, शिडं बघितली, पाटीवाली बाई बघितली. दुसरीकडे कुठेही बघितलं नाही. मग हसायला लागले. "यवडा मोटा मानूस," म्हणाले, "आनि होरी बांदता येत नाय." शेजारी एक जण जाळं उचलत होता, त्याला हाक मारून म्हणाले, "बग रं, माज्या पोऱ्यानं काडलंय. चूक पन त्याची नाय, मूळवाल्याची हाय." ते रंगारी म्हणाले नाहीत. चित्रकारही म्हणाले नाहीत. मला त्याची गरजच राहिली नव्हती.

ते माझ्याबरोबर रिक्षात बसले आणि पनवेलला आले. एरवी सणाला बोलावलं तरी येत नसत. हॉलमध्ये मी खिळा ठोकला आणि चित्र टांगायला तार आणली. त्यांनी तार माझ्या हातातून काढून घेतली.

"तार नको. दोर आन."

मी होड्यांच्या कामातला एक जाडसर दोर आणला. त्यांनी चौकटीच्या मागच्या दोन्ही कड्यांना तो बांधला. एक वेढा, दुसरा तिरका, टोक खालून. दोन्ही गाठी अंगातलं सगळं बळ लावून ओढून पाहिल्या. चित्र खिळ्यावर अडकवलं, चार पावलं मागे गेले, कोचाला अडखळले आणि म्हणाले, "आता नाय जायाची वाहून."

वडील जाऊन आता काही वर्षं झाली. दोर काळवंडलाय, मुलगी म्हणते बदलूया. मी गाठींना हात लावू देत नाही. पाहुणे येतात, चित्र बघतात, पाणी किती छान काढलंय म्हणतात. मग मी चित्र खाली उतरवतो आणि त्यांना मागची बाजू दाखवतो.